शेजाऱ्यांनी गाडी ठोकली, पण त्यांचा विमा आहे का?

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

नऊ दिवसांपूर्वी सकाळी आमच्या समोर राहणाऱ्या शेजाऱ्यांनी गाडी मागे घेताना माझ्या उभ्या गाडीला धडक दिली. डावीकडचा हेडलाइट फुटला, बंपर आत गेला, मडगार्डला पोचा आला. ते लगेच उतरले, हात जोडले आणि म्हणाले, "चूक माझीच आहे, सगळा खर्च मी देतो, फक्त इन्शुरन्सच्या भानगडीत नको पडूया." मी हो म्हटलं. दोन दिवसांनी पॉलिसीची प्रत मागितली तर "शोधून देतो". पुन्हा विचारलं तर "एजंटकडे आहे". आता समोर आले की नजर चुकवतात. दुसऱ्या एका शेजारणीचं म्हणणं की त्यांनी विमा भरलेलाच नसणार, कारण गेल्या वर्षी त्यांची नोकरी गेली होती.

माझी स्वतःची फुल इन्शुरन्स पॉलिसी आहे. पण माझी काही चूक नसताना माझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, का जावी? नवरा म्हणतो, पोलिसांत जा. सासूबाई म्हणतात, गाडीपेक्षा शेजार मोठा, सोडून दे. मी आजारी होते तेव्हा याच शेजाऱ्यांच्या बायकोने पंधरा दिवस माझ्या मुलीला शाळेतून आणलं होतं. आमच्या मुली एका वर्गात आहेत. पुढच्या आठवड्यात माझ्या मुलीचा वाढदिवस आहे आणि त्यांच्या मुलीला बोलवावं की नाही, इथपर्यंत माझं डोकं गेलं आहे. काय करू?

— दोन्हीकडून अडकलेली

उत्तर

सगळ्यात आधी एक काम करा, आणि ते आजच करा. तुमच्या स्वतःच्या विमा कंपनीला ही घटना कळवा. शेजाऱ्यांचा विमा आहे की नाही हे कळायची वाट पाहू नका, त्यांच्या उत्तराचीही नको. नऊ दिवस गेले आहेत आणि त्यातला प्रत्येक दिवस तुमच्या खात्यातून गेला आहे, त्यांच्या नाही.

मोटार विम्याच्या जवळपास प्रत्येक पॉलिसीत अपघात झाल्यावर लवकरात लवकर कळवण्याची अट असते. कुठे "तात्काळ" लिहिलेलं असतं, कुठे ठरावीक दिवस दिलेले असतात. पुढे महिनाभराने शेजाऱ्यांनी हात वर केले आणि तुम्ही कंपनीकडे गेलात, तर पहिला प्रश्न येईल, "इतके दिवस का कळवलं नाही?" त्यावर "शेजाऱ्यांनी नको म्हटलं होतं" हे उत्तर चालत नाही. कंपनीकडून पैसे मिळण्याचा रस्ता अशा वेळी तुमच्या भिडेपोटी बंद झालेला असतो.

कळवणं म्हणजे क्लेम करणं नव्हे. फोनवर किंवा मेलवर स्पष्ट सांगा, की ही घटना मी नोंदवते आहे, क्लेम करायचा की नाही ते अजून ठरलेलं नाही. एक गोष्ट मात्र लपवत नाही. काही कंपन्या नुसत्या नोंदीचाही पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी विचार करतात, त्यामुळे हप्ता थोडा वाढण्याची शक्यता असते. तरीही माझा सल्ला तोच. वाढलेला हप्ता परवडतो, पण फेटाळलेला क्लेम परवडत नाही. आणि कंपनीशी बोलताना तुम्ही स्वतः पाहिलं आणि ऐकलं तेवढंच सांगा. "त्यांचा विमा नाही" असं म्हणू नका. "पॉलिसी दोनदा मागितली, अजून मिळालेली नाही" असं म्हणा.

तुम्ही त्यांना हो म्हटलं होतं, हे तुम्हाला टोचतंय, ते पत्रावरून कळतं. पण त्या सकाळी तुम्ही हो म्हटलं ते पुढच्या आश्वासनावर, की खर्च ते देतील. ते आश्वासन अजून हवेतच आहे. तरीही कंपनीचं पत्र अचानक त्यांच्या दारात जाऊन पडण्यापेक्षा ते तुमच्या तोंडून कळलेलं बरं. कंपनीला कळवा आणि त्याच संध्याकाळी त्यांना सांगा.

आता पुराव्याचं. नऊ दिवस झाले असले तरी अजून उशीर झालेला नाही. गाडी धुऊ नका. बंपरवर त्यांच्या गाडीचा रंग घासून लागलेला असेल, आणि त्यांच्या मागच्या बंपरवर तुमचा. दिवसाच्या उजेडात फोटो काढा, एक लांबून, ज्यात गाडीचा नंबर आणि जागा दिसेल, मग जवळून. जमिनीपासून पोच्याची उंची दिसावी म्हणून बाजूला मोजपट्टी धरा. त्यांची गाडी समोरच उभी असते, तर रस्त्यावरून दिसतो तेवढा तिचाही फोटो घ्या. दोन्ही खुणांची उंची जुळते ही साधी गोष्ट पुढे फार कामाला येते. आसपास कुणाचा कॅमेरा असेल तर आजच विचारा. बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, त्यावर नवीन चित्रण चढतं. त्या सकाळी कुणी पाहिलं असेल तर त्यांचं नाव लिहून ठेवा. साक्ष द्यायला लावायची गरज नाही, नाव पुरे.

आणि सगळ्यात महत्त्वाचा पुरावा तुम्ही अजून घेतलेला नाही. त्यांनी चूक कबूल केली ती तोंडी. ती लेखी यायला हवी, आणि त्यासाठी कोर्टाची भाषा लागत नाही. साधा निरोप पाठवा:

"नमस्कार दादा. त्या दिवशी (इथे तारीख लिहा) सकाळी तुमची गाडी मागे येताना माझ्या उभ्या गाडीला लागली, त्याबद्दल बोलायचं होतं. तुम्ही खर्च देतो म्हणालात, ते मला पटलं. पण माझ्या पॉलिसीत कळवायची अट आहे, म्हणून मी कंपनीला घटना कळवली आहे. क्लेम केलेला नाही. गॅरेजमध्ये गाडी दाखवून एस्टिमेट घेते, तुम्ही बरोबर आलात तर बरंच. तोपर्यंत तुमच्या कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर पाठवाल का? काही अडचण असेल तर तीही मोकळेपणाने सांगा, मार्ग काढू."

यात आरोप नाही, धमकी नाही. पण काय झालं, कुणाची गाडी हलत होती आणि कुणाची उभी होती, खर्च कुणी देतो म्हटलं, हे सगळं तारखेसकट नोंदलं जातं. त्यांचं "हो ताई, बघतो" एवढं उत्तर आलं तरी चालेल. शेवटचं वाक्य मात्र नुसतं शिष्टाचार म्हणून लिहू नका. माणूस नजर चुकवतो तेव्हा बहुतेक वेळा तो लबाडीपेक्षा लाजेने चुकवत असतो. खरं बोलायला त्यांना एक दार उघडं ठेवा.

आता त्यांचा विमा आहे की नाही, याकडे येऊ. "एजंटकडे आहे" या उत्तरावरून काहीच ठरत नाही. विमा नसलेला माणूस असं म्हणतो, आणि विमा असलेला पण हप्ता वाढेल म्हणून घाबरलेला माणूसही अगदी असंच म्हणतो. शेजारणीचं म्हणणं हा अंदाज आहे. नोकरी गेली म्हणजे विमाही गेला असेल, हे त्यांनी मनाशी जुळवलं. ते तुम्ही पुढे कुणालाही सांगू नका. खोटं निघालं तर त्या घराशी तुमचं जे बिनसेल ते बंपरपेक्षा महाग पडेल.

तपासायचे सरळ मार्ग आहेत, आणि त्यांना बहुतेक ठिकाणी फक्त गाडीचा नंबर लागतो. तुम्ही कुठल्या देशातून लिहिलं ते पत्रात नाही, म्हणून दोन-तीन ठिकाणचं सांगते. जर्मनीत विमा कंपन्यांची एक मध्यवर्ती दूरध्वनी सेवा आहे. तिथे अपघाताची माहिती आणि नंबर दिला की समोरच्याची कंपनी कळते. ब्रिटनमध्ये विमा असलेल्या गाड्यांची एक सामाईक नोंद आहे आणि अपघातात सापडलेल्या माणसाला समोरच्या गाडीची माहिती तिथून मिळवता येते. भारतात सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीच्या नोंदणीबरोबर विम्याची मुदतही दिसते. तुमच्याकडे काय सोय आहे ते तुमच्या कंपनीला विचारा. कित्येकदा तुम्ही नुसता नंबर दिला की हे शोधकाम तीच करते. मग शेजाऱ्यांच्या मागे "पॉलिसी द्या, पॉलिसी द्या" करत फिरायचा त्रास वाचतो.

नोंदीत विमा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. मी बरीच वर्षं अपघात झालेल्या गाड्यांचं नुकसान मोजण्याचं काम केलं आहे. त्यात विमा नसलेल्यांपेक्षा विमा असून नसल्यासारखा असलेलेच जास्त पाहिले. पॉलिसी चालू, पण गाडी चालवणाऱ्याचा परवाना संपलेला. पॉलिसी घरगुती वापराची, पण गाडी भाड्याने किंवा डिलिव्हरीला लावलेली. काही देशांत पॉलिसीत नाव असलेल्यांनाच चालवता येते, आणि चाकामागे होता भाचा. नोकरी गेलेला माणूस पोटासाठी गाडी कुठेतरी लावतो, यात आश्चर्य नाही. कदाचित त्यांची भीती तीच असेल. उलटही होतं. नोंद अद्ययावत नसते आणि विमा प्रत्यक्षात चालू असतो. म्हणून शेवटचा शब्द नेहमी त्यांच्या कंपनीचा.

विमा नसेल तर तो गुन्हाच, असं सगळे धरून चालतात. सगळीकडे तसं नाही. गाड्यांचा सक्तीचा विमा मुळात आला तो माणसांना होणाऱ्या इजेसाठी. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तो १९२७ पासून लागू झाला, ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्याने आला. दुसऱ्याच्या मालमत्तेचं, म्हणजे तुमच्या गाडीसारख्या वस्तूचं नुकसान हा भाग बऱ्याच ठिकाणी फार मागून जोडला गेला. युरोपात तो आर्थिक समुदायाच्या, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या, सर्व सदस्य देशांना सक्तीचा झाला तो १९८४ च्या निर्देशाने. न्यूझीलंडमध्ये आजही दुसऱ्याच्या गाडीच्या नुकसानीसाठी विमा घेण्याची सक्ती नाही. तिथली १९७४ पासूनची सरकारी योजना इजेची काळजी घेते, पत्र्याची नाही. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्येही बहुतेक चालकांवर सक्ती नाही. सक्ती नसली तरी भरपाईची जबाबदारी मात्र सुटत नाही. ती विम्यावर अवलंबून नसते, चुकीवर असते. विमा असला तर पैसे कंपनीच्या खिशातून येतात, नसला तर त्यांच्या. एवढाच फरक.

दुसरी गोष्ट जागेची. धडक सार्वजनिक रस्त्यावर झाली की खासगी पार्किंगमध्ये, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते कंपनीला नक्की सांगा. काही कायद्यांत विम्याची सक्ती सार्वजनिक जागेपुरतीच असते, आणि त्या शब्दांचा अर्थ काय यावर खटले चालले आहेत. स्लोव्हेनियात एका शेतावर गवताचे गठ्ठे कोठारात चढवताना ट्रॅक्टर मागे घेतला गेला, त्याचा ट्रेलर शिडीला लागला आणि शिडीवरचा माणूस पडला. त्यावर २०१४ साली युरोपीय न्यायालयाने ठरवलं, की वाहन त्याच्या नेहमीच्या कामात होतं, म्हणून विम्याचं बंधन तिथेही लागू. ब्रिटनने नंतर २०२२ मध्ये कायदा करून स्वतःपुरता तो निकाल बाजूला ठेवला. तुमचं प्रकरण एवढं मोठं नाही. पण घरासमोर मागे घेतलेल्या गाडीचा प्रश्न नेमका याच फटीत सापडू शकतो, म्हणून सांगितलं.

तुमच्या पॉलिसीतून क्लेम करायचा का? तुमची फुल इन्शुरन्स आहे, म्हणजे चूक कुणाचीही असो, तुमची कंपनी तुमच्या गाडीची दुरुस्ती करून देऊ शकते. तुमच्या खिशातून जाईल ती पॉलिसीत ठरलेली सुरुवातीची रक्कम. तिला कुणी एक्सेस म्हणतं, कुणी डिडक्टिबल. शिवाय भागांचा घसारा, म्हणजे जुनेपणामुळे कमी झालेली किंमत, कापला जात असेल तर तोही. पैसे दिल्यावर कंपनीला तुमच्या जागी उभं राहून ते शेजाऱ्यांकडून वसूल करण्याचा हक्क मिळतो. वसुली पूर्ण झाली तर बऱ्याच ठिकाणी एक्सेस परत मिळतो, कधी बोनसही परत बसतो. काही ठिकाणी मात्र नियम असा, की स्वतःच्या पॉलिसीतून पैसे घेतले की नो क्लेम बोनस गेला, मग चूक कुणाचीही असो. म्हणून कंपनीला नेमके हे दोन प्रश्न विचारा: "वसुली झाली तर माझा एक्सेस मला परत मिळेल का?" आणि "माझी चूक नसताना केलेल्या क्लेमने माझा बोनस जाईल का?" उत्तर लेखी घ्या. बोनस एका वर्षाचा बुडत नाही, तो पुन्हा चढायला काही वर्षं लागतात. त्या सगळ्या वर्षांचा फरक मिळवा, त्यात एक्सेस घाला, आणि तो आकडा एस्टिमेटच्या शेजारी ठेवा. आकडे जवळ आले तर क्लेममध्ये अर्थ नाही. एस्टिमेट दुप्पट-तिप्पट असेल तर शेजाऱ्यांच्या शब्दावर बसून राहण्यात अर्थ नाही.

इथे एक सापळा आहे. क्लेम करण्याचा विचार मनात असेल तोवर शेजाऱ्यांना "आपलं मिटलं" असं कुठेही लिहून देऊ नका, थोडे पैसे घेऊनही नाही. तुम्ही त्यांना मोकळं केलंत तर तुमच्या कंपनीचा वसुलीचा हक्क बुडतो. मग ती तुमचा क्लेम नाकारू शकते.

एस्टिमेटबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण माणसं फसतात ती इथेच. हल्लीचा बंपर म्हणजे बाहेरून एक लवचीक प्लास्टिकचं आवरण. धडक बसली की ते आत जातं आणि पुष्कळदा थोडंफार परत बाहेर येतं. बघणाऱ्याला वाटतं, किरकोळ आहे. त्याच्या आत धक्का शोषणारा फोम असतो, त्यामागे आडवी पट्टी, बाजूला ब्रॅकेट, पार्किंगचे सेन्सर, काही गाड्यांत पुढचं अंतर मोजणारा रडार, आणि त्याच्याही मागे रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर. फोम एकदा जोरात दबला की पूर्ववत होईलच असं नाही. रडारचं ब्रॅकेट थोडंसं वाकलं तरी गाडी अंतर चुकीचं मोजते, आणि तो बदलल्यावर पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, त्याची मजुरी वेगळी. हेडलाइट एलईडीचा असेल तर काच फुटली तरी बहुतेक वेळा आख्खा संच बदलावा लागतो. डावीकडून धडक आहे, तर चाकालाही लागलं असेल. स्टेअरिंग एका बाजूला ओढतं का, टायर एकाच कडेने झिजतो का, बघा, आणि अलाइनमेंट तपासून घ्या. मडगार्ड रंगवताना नुसतं मडगार्ड रंगवून भागत नाही. मेटॅलिक रंग जुळावा म्हणून शेजारच्या दारावरही रंगाची फवारणी ओढत न्यावी लागते.

माझ्याकडे एक गाडी आली होती, तिचा बंपर हाताने दाबून जागेवर बसवला होता. मालकाने धडक देणाऱ्याकडून रोख पैसे घेतले, "पूर्ण व अंतिम" म्हणून कागदावर सही केली आणि खूश होता. दोन महिन्यांनी एसी गार करेना. बंपर काढला तेव्हा कंडेन्सर एका कोपऱ्यात चेपलेला निघाला, गॅस हळूहळू गेलेला. धडक देणारा म्हणाला, मी सही दाखवतो. त्याचंही चूक नव्हतं. खर्च मालकाने सोसला. म्हणून गॅरेजला सांगा, बंपर उतरवून बघा आणि मग आकडा द्या. एक एस्टिमेट कंपनीमान्य गॅरेजचं घ्या, एक तुमच्या नेहमीच्या मेकॅनिकचं. आणि तुमच्या गाडीवर आधीचे ओरखडे असतील तर ते त्यांच्या बिलात घालू नका. गॅरेजवाला सुचवेल, "होतंय तर करून टाकू". नाही म्हणा.

हेडलाइट फुटलेला असताना रात्री गाडी काढू नका. दिवा न लागणारी गाडी चालवणं बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे, आणि फुटक्या काचेतून आत गेलेलं पाणी उरलेला दिवाही खाईल. प्लास्टिक लावून भोक बंद करा. गाडीची रोज गरज असेल तर कंपनीला विचारून हेडलाइट बदलून घ्या. जुना भाग फेकू नका, आधीचे फोटो आणि बिल ठेवा. नुकसान वाढू न देणं हे तुमचंही काम समजलं जातं.

समजा त्यांनी दार उघडलं आणि सांगितलं, "ताई, विमा संपलाय, पैसे एकदम जमणार नाहीत." मग एका कागदावर साधं लिहा. तारीख, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, त्यांची गाडी मागे येताना तुमच्या उभ्या गाडीला लागली हे वाक्य, गॅरेजच्या बिलाप्रमाणे खर्च ते देतील, गाडी उघडल्यावर याच धडकेचं आणखी काही निघालं तर तेही, आणि किती हप्ते, कोणत्या तारखांना. दोघांच्या सह्या, दोघांकडे एकेक प्रत. पैसे शक्यतो त्यांनी थेट गॅरेजला द्यावेत. तुमच्या हातात दिले तर दर वेळी पावती द्या. सगळं पूर्ण झाल्यावर, गाडी चालवून पाहिल्यावर, तुम्हीही त्यांना "आता काही येणं नाही" असं लिहून द्या. तो त्यांचा हक्क आहे. पैसे देऊन मोकळा झालेला माणूस पुढच्या वर्षी पुन्हा मागणी येईल का, या भीतीत राहता कामा नये. या मार्गाने जायचं ठरलं तर कंपनीला तसं कळवा आणि तुमच्या पॉलिसीत परस्पर तडजोडीबद्दल काय अट आहे ते आधी वाचा.

कागद केला की नातं बिघडतं, असं सासूबाई म्हणतील. माझा अनुभव उलटा आहे. हप्त्याची तारीख कागदावर असली की ती जिन्यात भेटल्यावर बोलावी लागत नाही. नाहीतर प्रत्येक भेटीत दोघांच्याही मनात तोच एक विषय असतो, आणि त्यांनी नवा मोबाइल घेतलेला दिसला की तुमच्या पोटात ढवळतं.

अशा वेळी दोन गोष्टी सुचवल्या जातात, दोन्ही ठाम नाकारा. एक, "तुम्हीच भिंतीला ठोकली असं सांगा, एक्सेस मी देतो." हा खोटा क्लेम आहे. सर्व्हेअरला, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्याला, भिंतीची खूण आणि बंपरची खूण वेगळी कळते, आणि पकडलं गेलं तर आजवर भरलेल्या हप्त्यांसकट तुमची पत जाते. दुसरी, "आज पॉलिसी काढतो, अपघाताची तारीख नंतरची सांगू." तेही तेच. इथे मदत म्हणजे त्यांच्या खोट्यात भागीदार होणं नव्हे, हे त्यांना प्रेमाने पण एकदाच सांगा.

पोलिसांचं तुमच्या यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कुणालाही इजा नसताना केवळ पत्र्यासाठी पोलिसांत जाण्याची सक्ती सगळीकडे नसते. पण काही ठिकाणी समोरचा विमा नसलेला असेल तर पोलिसांतली नोंद ही क्लेमची किंवा भरपाई निधीची अट असते, आणि तिला मुदत असते. ब्रिटनमध्ये विमा नसलेल्या चालकांच्या बळींसाठी विमा कंपन्यांनी १९४६ साली एक संस्था उभी केली, पुढे युरोपातल्या देशांत तसेच निधी झाले. त्यांच्याकडे जायचं तर त्यांच्या अटी पाळाव्याच लागतात. तुमच्या कंपनीने नोंद लागते असं सांगितलं, तर जा, आणि जाण्याआधी शेजाऱ्यांना सांगून जा. मात्र "पैसे द्या, नाहीतर पोलिसांत जाते" हे वाक्य तोंडातून किंवा फोनवरून कधीही जाऊ देऊ नका. नोंद करणं हा तुमचा हक्क आहे. तिची भीती घालून पैसे काढणं हा काही कायद्यांत स्वतःच गुन्हा ठरू शकतो.

काहीच उत्तर आलं नाही तर? निरोपानंतर आठ दिवस थांबा, एकदा आठवण करा, आणि मग त्यांच्या मागे न लागता तुमच्या कंपनीकडून क्लेम करा. वसुलीचं कंपनी बघेल. तुम्ही स्वतः लहान दाव्यांच्या न्यायालयातही जाऊ शकता, वकिलाशिवाय चालणारी अशी न्यायालयं बऱ्याच देशांत आहेत. पण निकाल जिंकणं आणि पैसे हातात पडणं यात मोठं अंतर असतं, विशेषतः समोरच्याची नोकरी गेलेली असताना. म्हणून तुमच्यासारख्या पॉलिसी हातात असलेल्या बाईला मी तो रस्ता शेवटी सांगते.

सासूबाईंचं "सोडून दे" मी उडवून लावत नाही. पंधरा दिवस कुणी आपलं मूल शाळेतून आणलं असेल तर ते विसरायचं नसतं. सोडायचं तर जरूर सोडा, पूर्ण नाहीतर थोडं. पण एस्टिमेट हातात आल्यावर, आकडा बघून, नवरा-बायको दोघांनी मिळून ठरवून सोडा, आणि सोडलं आहे असं त्यांना सांगा. न सांगता गप्प राहून सोडलेलं तुमच्या मनात राहतं आणि त्यांना कळतही नाही. अर्धा खर्च ते देतील, अर्धा तुम्ही, असं ठरलं तरी मला त्यात काही वावगं वाटत नाही. फक्त ते औदार्य त्यांच्या बायकोच्या हातून मिळालेल्या मदतीची परतफेड म्हणून बोलून दाखवू नका. त्या बाईंनी हिशोब ठेवून मुलीला आणलं नव्हतं. आणि हा विषय त्यांच्याकडे नेऊही नका. कदाचित घरात त्यांना विमा बंद असल्याचं माहीतच नसेल.

वाढदिवसाला त्यांच्या मुलीला बोलवा. नेहमी बोलावता तसंच, आईला फोन करून. तिचे वडील तिला सोडायला आले तर दारात उभं ठेवू नका, आत बसवा, आणि त्या संध्याकाळी गाडीबद्दल एक शब्दही काढू नका. तुमचा निरोप तोपर्यंत त्यांच्या फोनमध्ये पोहोचलेला असेल. उत्तर द्यायला त्यांना दुसरा दिवस आहे.